भावोजी आणि दर्याची रांग

आमच्या भावोजींइतका हट्टी माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. आणि हट्ट तरी कसला? जमिनीचा नाही, मानपानाचा नाही, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवण्याचा नाही. भावोजींचा हट्ट ठिपक्यांचा. कागदावर पेन्सिलीने काढलेल्या, मोहरीएवढ्या ठिपक्यांचा. त्या ठिपक्यांसाठी हा माणूस उपाशी राहिला, उन्हात करपला, आजारी पडला आणि एकदा तर नारळ डोक्यात पडून जायचा राहिला. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न या माणसाशी लागलं तेव्हा आमचे वडील म्हणाले होते, "मुलगा शांत आहे." शांत होतेच. पण शांत माणसाचा हट्ट फार वाईट. ओरडणारा माणूस दमतो तरी!

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, तेव्हा भावोजींची अलिबागला बदली झाली. शेतकीच्या एका खात्यात ते आकडेवारीचं काम करत. संख्याशास्त्र शिकलेला माणूस आमच्या गावाने तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे पहिले काही दिवस लोक त्यांना ज्योतिषी समजून हात दाखवायला येत. उंच, सडपातळ, काखेत ग्राफच्या कागदाची गुंडाळी, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल ते लग्नाच्या पंगतीतही काढत नसत. एकदा वाढप्याने श्रीखंड वाढताना वाकून त्यांच्या कानाकडे बघितलं आणि श्रीखंड शेजारच्याच्या मांडीवर वाढलं. माझं तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, आणि माझी सगळ्यात चांगली सायकल कायमची भावोजींकडे असे. भाडं मागायची सोय नव्हती. बहिणीच्या नवऱ्याकडे भाडं मागणारा मेहुणा अजून जन्माला यायचाय.

त्यांचं शास्त्र त्यांनी मला दुकानातल्या स्टुलावर बसून समजावलं. मी पंक्चर काढत होतो. "हे बघा मेहुणेबुवा," ते म्हणाले (चेष्टेत आले की ते मला अहोजाहो करत), "समजा, माडाला झाप, म्हणजे झावळ्या, जास्त तर नारळ जास्त. प्रत्येक झाडाचा एक ठिपका काढला, मधून एक रेष ओढली. झालं? सगळे म्हणतात झालं. मी म्हणतो, इथून सुरू. कुठला ठिपका रेषेच्या किती वर, कुठला किती खाली, ते सगळं वेगळ्या कागदावर मांडायचं. रेषेला जे पकडता आलं नाही ते. ते कसं दिसायला हवं? लग्नात अक्षता पडतात ना, तसं. इथे चार, तिथे दोन, कसलाही आकार नाही. म्हणजे रेष बरोबर. पण त्या उरल्यासुरल्यात जर कमान दिसली, खड्डा दिसला, नरसाळं दिसलं, तर समजायचं की कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलंय."

"आणि ते कोण सांगणार?" मी विचारलं.

"ते शोधायचं," भावोजी म्हणाले आणि माझी सायकल घेऊन गेले.

हे शास्त्र ऑफिसात ठेवून घरी आले असते तर आमच्या ताईचा संसार चारचौघींसारखा झाला असता. पण छे! घरात पाहुणे किती आणि ताईने आमटीत मीठ किती टाकलं, याचाही त्यांनी आलेख काढला. मग दुसरा कागद काढला आणि एका रविवारी भर पंगतीत तिला सांगितलं, "अगं, पाच माणसांपर्यंत तुझा हात अगदी स्थिर आहे. दहाच्या पुढे गेलीस की पसरतो. कधी आळणी, कधी खारट. हे बघ, नरसाळं झालंय!" ताईने कागद बघितला. मग शांतपणे त्यांच्या ताटातली आमटीची वाटी उचलली आणि म्हणाली, "आजपासून तुमच्यापुरती पाचांची वेगळी आमटी करते. तुमचं नरसाळं बुजेल." त्यानंतर आलेख थांबले नाहीत, पण जेवणावरचे थांबले.

आमच्या घराण्याचीही त्यांनी अशीच शोभा केली. आमचा एक चुलता मुंबईत कापडाच्या धंद्यात बक्कळ कमावून बसला होता, आणि आमच्याकडे कुणी दोन इयत्ता जास्त शिकला की सगळे म्हणत, शिकेल तो काकासारखा मोठा होईल. भावोजींनी आम्हा सगळ्या चुलतभावंडांचे ठिपके काढले. "हा तुमचा काका," ते म्हणाले, "एकटाच त्या टोकाला बसलाय आणि सगळी रेष आपल्याकडे ओढतोय. त्याला अंगठ्याखाली झाका आणि रेष परत ओढा बघू." आम्ही झाकला. रेष जी आडवी झाली, ती आडवीच राहिली. शिक्षणाचा आणि पैशाचा आमच्या घराण्यात काडीचा संबंध नव्हता. आमचे वडील दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुलगा खोटं मात्र बोलत नाही."

पण एक गोष्ट मला त्यांची फार आवडे, आणि ती मी तोंडावर कधी सांगितली नाही. रेषेपासून लांब पडलेला ठिपका दिसला की बाकीचे लोक म्हणत, चूक झाली असेल, खोडून टाका. भावोजी खोडत नसत. "ठिपका खोडायचा नसतो," ते म्हणत, "त्याला भेटायला जायचं असतं." आणि खरोखर जात! काशीदच्या एका शेताचं भात वर्षानुवर्षं रेषेच्या वरच निघे. पंचक्रोशीत कुणाला पिकत नाही इतकं याच्याकडे कसं पिकतं? भावोजी भर चैत्रात, मिळेल त्या बैलगाडीने, काशीदला गेले. तिथे कळलं की त्या घरात भात मोजायची पायली आजीच्या काळची, आणि ती आजीने कधीतरी बैलाला फेकून मारल्याने तिला मोठा पोचा आलेला. पोचा आत गेलेला, म्हणून मावायचं कमी आणि मापं भरायची जास्त. बैल कधीच मेला होता, आजीही गेली होती, पण पोचा सरकारच्या आकड्यांत जिवंत होता. त्या पायलीचं दर्शन घेऊन भावोजी परत आले ते इतक्या आनंदात, की ताई म्हणाली, "हरिहरेश्वराला जाऊन आल्यावरसुद्धा यांचा चेहरा असा नसतो."

अशा या माणसाच्या हातात नागावच्या एका वाडीचं भवितव्य आलं.

खात्याने नारळाच्या वाड्या सुधारायची एक योजना काढली होती. ज्या झाडांना झापांच्या मानाने नारळ फार कमी, ती निकामी समजायची, त्यांना चुन्याचा पट्टा मारायचा, पावसाळा सरला की तोडायची आणि खात्याने त्या जागी नवी रोपं द्यायची. नागावला एक म्हातारी काकी होती. नवरा गेलेला, एकुलता मुलगा. मुलाने उत्साहाने वाडी योजनेत घातली आणि सही करून मोकळा झाला. वर्षभर प्रत्येक पाडणीला खात्याचा माणूस जाऊन झाडागणिक नारळ मोजून आला. रेष ओढली गेली. आणि समुद्राच्या बाजूची एक अख्खी रांग रेषेच्या खाली सापडली. ज्येष्ठ महिन्यात त्या रांगेच्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पांढरा पट्टा बसला. ती रांग काकीच्या नवऱ्याने स्वतः लावलेली होती. काकी पट्ट्यांकडे बघत राहिली आणि मुलाशी बोलेनाशी झाली.

भावोजींनी कागद बघितला आणि त्यांची झोप उडाली. झापांप्रमाणे मांडलं तर फारसं काही दिसत नव्हतं. पण झाडांच्या क्रमाने, रांगेमागून रांग मांडलं, तर सगळीकडे अक्षता आणि एकाच रांगेत हा एवढा खड्डा! "एखादं झाड वांझ निघेल," ते म्हणाले, "पण एका रांगेतली सगळी झाडं एकदम कशी वांझ होतील? झाडं काय ठराव करतात? यात झाडांचा दोष नाही. कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिलंय." त्यांचे साहेब पुण्याचे, तरुण, माणूस चांगला. ते म्हणाले, "कारण शोधून आणा, पट्टा पुसतो. नाही मिळालं तर नियम तो नियम. श्रावणात मी स्वतः येतोय."

झालं! भावोजींनी रजा टाकली, माझी सायकल घेतली आणि नागाव गाठलं. आधी त्यांनी ठरवलं की खारं पाणी. वाडीतल्या आणि शेजारपाजारच्या विहिरींचं पाणी ओंजळीने पिऊन बघितलं. मग ठरवलं की माती. माती चाखली. ताईने दोन दिवस मऊ भात आणि सुंठीवर ठेवलं, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर. मग मुळं. मग खेकडे. रोज त्या रांगेतल्या एकेका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून नाकाने जमीन हुंगत. वाडीतले गडी म्हणायला लागले की सरकारने गुप्तधन शोधायला माणूस पाठवलाय. मी एकदा चहा घेऊन गेलो तर भावोजी पालथे पडून बुंध्याला कान लावलेले. मी म्हटलं, "भावोजी, अहो, त्या काकीला विचारा की!"

"तिला माहीत असतं तर तिने सांगितलं नसतं का?" ते म्हणाले आणि दुसऱ्या झाडाकडे सरकले.

आणि तेवढ्यात धप्प करून, त्यांच्या छत्रीपासून वीतभर अंतरावर, नारळ पडला. भलामोठा, पाणीदार. माझ्या हातातला चहा सांडला. भावोजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी नारळाकडे बघितलं. मग पट्ट्याकडे बघितलं. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मान वर करून झाडाकडे बघितलं. झाड नारळांनी लगडलेलं होतं. पुढचं झाड लगडलेलं. त्याच्या पुढचं लगडलेलं. आठवडाभर हा विद्वान मुळाशी नाक लावून होता आणि वर बघायचं त्याला सुचलं नव्हतं! मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण नाही जमलं. आधी मी हसलो, मग भावोजी हसले, आणि हसत हसतच आम्ही काकीच्या ओट्यावर गेलो.

"काकी," भावोजींनी विचारलं, "त्या रांगेला एवढे नारळ आहेत, मग आमच्या माणसाच्या मोजणीत कमी कसे आले?"

"ते व्हय?" काकी म्हणाली. "ती रांग दर्याची हाय. ज्येष्ठापासून त्या रांगंला कोयता लावायचा न्हाय. नारळी पुनवंला कोळीवाड्यातली माणसं येतात नि पाडून नेतात. ते आमचं न्हाय, मग तुमाला मी कशाला सांगू, नि पोरगा तरी कशाला सांगंल?"

"अहो, पण पट्टे मारले तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी इचारलंत कुठं? तुमी माती खात व्हतात."

पौर्णिमेला ऑफिसला सुट्टी. म्हणजे त्या दिवशी पडलेला नारळ सरकारच्या लेखी पडलाच नव्हता! भावोजींचं उभ्या उभ्या नाचायचं तेवढं बाकी राहिलं. कारण सापडलं होतं. आता फक्त काकीने गेल्या पुनवेला साधारण किती गेले एवढं सांगायचं, ठिपके वर चढणार, रांग वाचणार. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. काकीने मान हलवली.

"न्हाय भाऊ. दिलेलं मोजायचं न्हाय."

भावोजींनी समजावलं, मुलाने समजावलं, मीही दोन शब्द खर्च केले. नुसता अंदाज सांग, निम्मे सांग, काहीही सांग. आकडा नसेल तर झाडं तुटतील. काकीचे डोळे भरले, पण ती ढळली नाही. तिचा नवरा तरणा असताना नारळ घेऊन मुंबईला निघालेलं गलबत वादळात उलटलं होतं. कोळ्यांनी त्याला पाण्यातून काढून, पाठीवर घालून, याच ओट्यावर आणून निजवलं होतं. उठून हिंडायला लागल्यावर त्याने पहिलं काम केलं ते ही रांग लावायचं. "दर्यानं माझा माणूस परत दिला," काकी म्हणाली, "तो काय मोजून दिला? मी मोजले तर ते माझे झाले. मग दिले असं कुठल्या तोंडानं म्हणू? तोडायची तर तोडा."

त्या दिवशी भावोजी सायकल हातात धरून चालत परत आले. हट्टी माणसाला आपल्याहून हट्टी माणूस भेटला की काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. अंदाजाने आकडा लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं, तो त्यांचा धर्म. मोजू देणं काकीला जमणारं नव्हतं, तो तिचा. ताई वाढताना म्हणाली, "अहो, आकडा नसेल तर नसू दे. साहेबांना डोळे आहेत ना? श्रावणात येणारच आहेत तर पुनवेलाच बोलवा की." भावोजी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "तू," ते म्हणाले, "संख्याशास्त्र शिकायला हवं होतंस." ताई म्हणाली, "घरात एक पुरे आहे."

नारळी पौर्णिमेला साहेब आले. सुट्टीच्या दिवशी बोलावल्यामुळे जरा फुगलेलेच होते. कोळीवाड्याची माणसं वाजतगाजत आली. बायका गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेल्या, अंबाड्यात अबोली, पुढे सोनेरी कागदात मढवलेला दर्याचा नारळ. "काकी, आलांव गो!" पुढचा म्हातारा ओरडला. काकीने त्याला ओवाळलं, आणि तो झाडाखाली जाताच तिने रांगेकडे पाठ फिरवली. मुलाने पाठ फिरवली. गड्यांनी फिरवली. पाडणी होईपर्यंत वाडीतल्या कुणी बघायचं नाही, अशी तिथली रीत. आम्हीही फिरलो. साहेब गोंधळले, पण सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहण्यापेक्षा तेही वळले.

आणि मग ऐकू यायला लागलं. धप्प. धप्प. धप्प धप्प. मी भावोजींकडे बघितलं. तोंड समुद्राच्या विरुद्ध, डोळे मिटलेले, सगळं रीतसर. पण हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू सरकत होता. काय करणार बिचारा! जन्माची सवय. काकीने ते टिपलं. आत गेली आणि केळीच्या पानावर वाढलेला गरम नारळीभात आणून त्यांच्या दोन्ही तळहातांवर ठेवला. "हात रिकामे ठेवू नका, भाऊ," ती म्हणाली. भावोजींचे दोन्ही हात अडकले. पेरं सुटली. पान चटके देत होतं, मागे धप्प धप्प चाललेलं, आणि आमचे भावोजी आयुष्यात पहिल्यांदा न मोजता उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले भात गरम होता म्हणून.

बराच वेळ चाललं ते. साहेबांचा फुगा कधीच उतरला होता. पाडणी संपली, तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलंही नाही. गड्याला म्हणाले, "ओलं पोतं आण आणि ते पट्टे पूस." काकीने मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी म्हणाली, "बाबा, जेवून घे." भावोजींनी त्या रांगेचे ठिपके कागदावर पोकळ काढले, आत पेन्सिल न भरता, आणि खाली लिहिलं, 'मोजायचे नाहीत.' वरच्या ऑफिसातून त्याबद्दल विचारणा आली तेव्हा साहेबांनी उत्तर दिलं की कारण समक्ष ऐकलं आहे.

चुना मात्र पुरता निघाला नाही. पुढे पुष्कळ वर्षं त्या बुंध्यांवर फिकट पांढरं कडं दिसे. भावोजी दर पुनवेला जात, पाठ फिरवून, दोन्ही हातांत पान घेऊन उभे राहत. बदल्या झाल्या तरी रजा काढून येत. काकी गेली, तिचा मुलगा रीत पाळत राहिला. मग एका उन्हाळ्यात, फारसा आजार नाही, गडबड नाही, आमचे भावोजी गेले. जातानासुद्धा त्यांनी कुणाला तोशीस पडू दिली नाही. वडील म्हणाले होते ते खरंच होतं, मुलगा शांत होता.

त्या वर्षी ताई नको नको म्हणत असताना मी तिला नागावला नेलं. कोळीवाडा आला, आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो, काकीच्या मुलाने आमच्या हातात भाताची पानं दिली. मागे धप्प धप्प सुरू झालं. ताईकडे बघवेना, काहीतरी बोलायचं म्हणून मी आपला पान एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवला आणि म्हणालो, "ताई, तुझं लग्न झालं त्याला आता किती वर्षं झाली असतील गं? तेव्हा मी शाळेत..."

ताईने तिच्या हातातलं पानही माझ्या मोकळ्या हातावर ठेवलं.

"हात रिकामे ठेवू नकोस, बाबू," ती म्हणाली. "दिलेलं मोजायचं नसतं."